पंचाच्या खुर्चीत जुना ड्रायव्हर

१९८९ साली सुझुकाच्या शर्यतीत आयर्टन सेना आणि आलँ प्रोस्त यांच्या गाड्या शिकेन नावाच्या नागमोडी वळणापाशी एकमेकींत अडकल्या. प्रोस्त गाडीतून उतरून चालता झाला. सेनाने मार्शलांकडून गाडी ढकलून घेतली, शर्यत पहिल्या क्रमांकाने संपवली आणि शिकेन टाळून ट्रॅकवर परतल्याबद्दल बाद ठरला. विश्वविजेतेपद प्रोस्तच्या पदरात पडलं. मुद्दाम कोण घुसलं आणि मुद्दाम दार कोणी लावलं, यावर फॉर्म्युला वनचे शौकीन आजही तावातावाने भांडतात. तोच प्रोस्त मार्च २०१० मध्ये बहारीनला स्ट्युअर्ड, म्हणजे पंच, म्हणून बसला. माजी ड्रायव्हरला पंचांच्या खोलीत कायमची एक खुर्ची द्यायची, हा एफआयए या मोटर स्पोर्ट्सच्या जागतिक संघटनेचा नवा निर्णय होता आणि तिचा पहिला मानकरी हा. चोराची पावलं चोराला ठाऊक, असा साधा हिशेब त्यामागे होता. शर्यत इतकी नीरस झाली की प्रोस्तला फारसं काही करावंच लागलं नाही, हा भाग वेगळा.

या खुर्चीने गेल्या दीड दशकात काय कमावलं आणि काय गमावलं, याचा हिशेब आता मांडायला हवा. २०२५ च्या जानेवारीत एका माजी ड्रायव्हरला या कामातून कायमचं काढलं, आणि जूनमध्ये दुसऱ्याला ऐन शर्यतीच्या आठवड्यात घरी बसवलं. दोघांनी दिलेल्या शिक्षांवर एफआयएचा आक्षेप नव्हता. आक्षेप होता तो त्यांच्या बोलण्यावर.

आधी कामाचं स्वरूप. शर्यत चालवतो तो रेस डायरेक्टर. सेफ्टी कार, लाल झेंडा, पुन्हा सुरुवात हे सगळं त्याच्या हाती. पण शिक्षा तो देत नाही. खटकलेली घटना तो स्ट्युअर्डांकडे धाडतो. स्ट्युअर्ड तीन किंवा चार, त्यांपैकी एक माजी ड्रायव्हर. त्यांच्यासमोर प्रत्येक गाडीतल्या कॅमेऱ्याचं चित्रण असतं, ब्रेक, थ्रॉटल आणि स्टिअरिंगचे आलेख असतात, टीमशी झालेलं रेडिओवरचं बोलणं असतं. पाच सेकंद, दहा सेकंद, पिट लेनमधून फेरी, पुढच्या शर्यतीत जागा मागे, लायसन्सवर गुण, अशी शिक्षांची उतरंड असते. बारा महिन्यांत बारा गुण जमले की एक शर्यत घरी. ही पद्धत २०१४ मध्ये आली, आणि तिच्याखाली पहिली बंदी २०२४ मध्ये केविन मॅग्नुसनवर आली. गंमत म्हणजे हे काम करणाऱ्यांची ही नोकरी नाही. प्रवास-मुक्कामाचा खर्च आणि नाममात्र मानधन, एवढ्यावर ते येतात. पोटापाण्याचा उद्योग दुसरा असतो. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरतो.

ड्रायव्हर येण्याआधी ही खोली फार विश्वासाची होती असं नाही. १९९८ च्या सिल्व्हरस्टोनला शूमाकरने सेफ्टी कार असताना अलेक्झांडर वुर्त्सला मागे टाकलं. स्ट्युअर्डांनी शिक्षा कळवायला मुदतीपेक्षा जास्त वेळ घेतला, कागदावरही घोळ घातला. शूमाकर शेवटच्या फेरीत शिक्षा भोगायला पिट लेनमध्ये शिरला आणि अंतिम रेषा तिथेच ओलांडून शर्यत जिंकला. शिक्षा रद्द झाली आणि तिन्ही स्ट्युअर्डांनी आपली लायसन्सं परत केली. अशा माणसांची खोगीरभरती होती म्हणावं तर तेही खरं नाही. हिमालयन रॅलीमागचे मुंबईचे नझीर हुसेन यांच्यासारखे आयुष्यभर मोटर स्पोर्ट्सचं संघटन केलेले लोक एफआयएचे स्ट्युअर्ड म्हणून जगभर जात. पण नियमांचं पुस्तक जाणणं वेगळं, आणि ताशी ३०० किलोमीटरवर शेजारच्या गाडीचं चाक आपल्या डोळ्यांच्या कोपऱ्यात दिसतं तेव्हा हात काय करतात हे जाणणं वेगळं.

२००८ च्या बेल्जियम शर्यतीमुळे हा मुद्दा ऐरणीवर आला. पावसात शेवटच्या काही फेऱ्यांत हॅमिल्टनने शिकेन कापून रायकोनेनला मागे टाकलं, जागा परत दिली आणि लगेच पुढच्या वळणावर पुन्हा हिसकावली. शर्यत संपल्यावर त्याला पंचवीस सेकंदांची शिक्षा झाली आणि विजय मासाला गेला. त्याच वर्षी एफआयएचे अध्यक्ष मॅक्स मोझली यांचे प्रतिनिधी, युरोपीय संसदेचे माजी सदस्य अ‍ॅलन डॉनेली, स्ट्युअर्डांच्या खोलीत बसू लागले होते. शिक्षा बरोबर की चूक हा प्रश्न बाजूला राहिला, त्या खोलीत राजकारण शिरलंय असंच लोक बोलू लागले. २००९ अखेर ज्याँ तोद अध्यक्ष झाले. प्रतिनिधी गेला, ड्रायव्हर आला.

पहिल्याच वर्षी या प्रयोगाच्या दोन्ही बाजू दिसल्या.

मोनॅको २०१० ची अखेरची फेरी. सेफ्टी कार शेवटच्या वळणांआधी पिटमध्ये वळली, ट्रॅक मोकळा झाल्याचा संदेश आला, हिरवे झेंडे फडकले. अलोन्सो सहावा होता आणि मागच्या शूमाकरने डाव साधून त्याला मागे टाकलं. नियमाचं एक कलम सांगत होतं की शर्यत सेफ्टी कारखाली संपत असेल तर ती गाडी फक्त देखाव्यासाठी आत जाते, ओव्हरटेक करायचं नाही. हिरवा झेंडा मात्र उलट सांगत होता. शूमाकरच्या मर्सिडीज टीमचं म्हणणं, ट्रॅक मोकळा होता. स्ट्युअर्डांनी वीस सेकंद वाढवले, शूमाकर सहाव्यावरून बाराव्यावर गेला. त्या दिवशीचा ड्रायव्हर स्ट्युअर्ड कोण? डेमन हिल. १९९४ मध्ये अ‍ॅडलेडला ज्याच्या गाडीवर शूमाकरची गाडी आदळली आणि ज्याचं विश्वविजेतेपद एका गुणाने हुकलं, तोच हिल.

कायद्याच्या नजरेने पाहिलं तर निर्णय टिकणारा होता, कलम स्पष्ट होतं. मर्सिडीजने अपील मागे घेतलं, एफआयएने नियमाची भाषा सुधारायचं कबूल केलं. पण लोकांना कलमाशी काय देणं-घेणं? त्यांना सोळा वर्षांपूर्वीचं उट्टं काढलेलं दिसलं. हिलला शिव्याशापांचे ईमेल आले. त्याच खुर्चीत नाव नसलेला एखादा वकील असता तर हाच निर्णय दुसऱ्या दिवशी विसरला गेला असता. जाणकार म्हणून आणलेल्या माणसाबरोबर त्याचा भूतकाळही येतो, आणि तो सूटकेससारखा हॉटेलात ठेवून येता येत नाही.

दुसरी बाजू त्याच उन्हाळ्यात हंगेरीला दिसली. बारिकेलो दहाव्या जागेसाठी शूमाकरच्या आतल्या बाजूने निघाला आणि शूमाकरने त्याला सरळ पिटच्या भिंतीकडे दाबत नेलं. मध्ये हातभर जागा उरली असेल. धक्का लागला नाही, म्हणजे नियमावर बोट ठेवून बोलायचं तर नुकसान शून्य. डेरेक वॉरविक त्या दिवशी खोलीत होता. ग्रांप्री कधी न जिंकलेला, पण १९९२ चा ल माँ विजेता. भिंत, वेग आणि न सोडलेली जागा यांचा अर्थ त्याला समजावून सांगावा लागला नाही. पुढच्या शर्यतीत दहा जागा मागे, अशी शिक्षा झाली, आणि वॉरविक नंतर म्हणाला की वेळ हाती असता तर काळा झेंडाच दाखवला असता. शूमाकरने आधी कानावर हात ठेवले, मग माफी मागितली. ड्रायव्हर ड्रायव्हरला पाठीशी घालेल, अशी जी भीती सुरुवातीला होती ती इथे निकालात निघाली. माझं निरीक्षण असं की हे लोक बहुतेक वेळा कडकच वागले. ज्यांनी मित्र गमावलेत ते भिंतीच्या बाबतीत सढळ नसतात.

पण या पिढीच्या नजरेला एक मर्यादा आहे, आणि ती फारशी कोणी बोलून दाखवत नाही. प्रोस्त, मॅन्सेल, वॉरविक ज्या काळात चालवत होते त्या काळात ट्रॅकबाहेर गेलं की वाळू-खडी होती, गवत होतं, भिंत होती. शिक्षा ट्रॅकच देत असे आणि ती तिथल्या तिथे मिळे. नंतर सुरक्षेसाठी वळणांबाहेर डांबराची मोठमोठी मैदानं आली. बाहेर जाणाऱ्याचं काहीच बिघडेना, उलट कधीकधी वेळ वाचू लागला. खडीचं काम कागदावर आलं. या बदलाचा कळस २०२३ च्या ऑस्ट्रियन शर्यतीत झाला. पांढरी रेषा ओलांडल्याच्या बाराशेहून अधिक नोंदी तपासाव्या लागल्या आणि शर्यत संपून काही तास उलटल्यावर निकालपत्रक पुन्हा लिहावं लागलं. त्या कामाला माजी ड्रायव्हर कशाला हवा? कारकून पुरे. पुढच्या वर्षी शेवटच्या दोन वळणांबाहेर खडीची अरुंद पट्टी टाकली आणि बहुतेक प्रश्न आपोआप मिटला. स्ट्युअर्डांवर होणाऱ्या टीकेपैकी बरीचशी खरं म्हणजे ट्रॅक आखणाऱ्यांच्या नावे जमा व्हायला हवी.

ऑस्टिन २०१७ हे याचंच उदाहरण. सोळाव्या जागेवरून निघालेल्या व्हर्स्टॅपनने शेवटच्या फेरीत रायकोनेनला आतून गाठून तिसरा क्रमांक मिळवला. चारही चाकं रेषेपलीकडे होती. पाच सेकंदांची शिक्षा झाली, आणि पोडियमच्या मागच्या खोलीत बसलेल्या व्हर्स्टॅपनला उठून जावं लागलं. त्याने एका ‘मूर्ख’ स्ट्युअर्डचा जाहीर उद्धार केला. खोलीत होता मिका सालो, फिनलंडचा. रायकोनेनही फिनलंडचा. झालं! याच सालोने १९९९ च्या हॉकेनहाइममध्ये फेरारीच्या हुकमावरून हातात आलेला विजय टीममधल्या अर्व्हाइनला दिला होता. आयुष्यात एकही ग्रांप्री न जिंकता निवृत्त झालेला हा माणूस. पण देशबांधवाला झुकतं माप दिल्याच्या आरोपापुढे या गोष्टी कोण आठवतो?

कॅनडा २०१९ वर मात्र जरा थांबायला हवं, कारण माजी ड्रायव्हरची नजर नेमकी काय पाहते ते इथे दिसतं. सत्तरपैकी अठ्ठेचाळिसावी फेरी, फेटेल पुढे, हॅमिल्टन पाठीवर. तिसऱ्या वळणावर फेटेलची फेरारी घसरून गवतावर गेली आणि चौथ्यापाशी ट्रॅकवर परतली. हॅमिल्टन उजवीकडून निघू पाहत होता. फेरारी त्याच बाजूला सरकत गेली, भिंत जवळ आली, हॅमिल्टनने ब्रेक मारला. टीव्हीवर पाहणाऱ्याला दिसतं ते एवढंच, की गवतावरून आलेली गाडी हातात नव्हती, बिचारा काय करणार. खोलीत मात्र स्टिअरिंगवरचे हात संथ गतीने पाहिले जातात. गाडीचं मागचं अंग सुटल्यावर ती सावरण्यासाठी दिलेली झटक्याची दुरुस्ती एक, आणि गाडी सावरल्यावरही स्टिअरिंग सैल सोडून तिला बाहेर वाहू देणं दुसरं. पहिलं अटळ, दुसरं निवडलेलं. या दोन हालचालींमधला क्षण ओळखणं हेच या खुर्चीचं कौशल्य. पाच सेकंदांची शिक्षा झाली, विजय हॅमिल्टनला गेला आणि रागावलेल्या फेटेलने गाड्यांपुढच्या एक आणि दोन नंबरच्या पाट्यांची अदलाबदल केली.

तिथे बसलेला ड्रायव्हर इमॅन्युएले पिरो हा इटालियन, ल माँ पाच वेळा जिंकलेला. म्हणजे इटालियनाने फेरारीचा विजय काढून घेतला. त्याच्यावर घरूनच गरळ ओकली गेली. मारिओ आंद्रेत्तीने आणि मॅन्सेलने जाहीर नाराजी व्यक्त केली. मॅन्सेल स्वतः या खुर्चीत बसलेला. १९८९ मध्ये एस्तोरिलला काळा झेंडा न जुमानता सेनावर आदळून एका शर्यतीची बंदी ओढवून घेतलेल्या मॅन्सेलने इतरांना शिस्त लावली होती, हेही या इतिहासातलं एक मजेदार पान. फेरारीने फेरविचाराचा अर्ज केला आणि नवा पुरावा म्हणून ज्या गोष्टी मांडल्या त्यांत आपल्या चेन्नईच्या करुण चंढोकने टीव्हीवर केलेलं विश्लेषण होतं. स्ट्युअर्डांनी ते तिऱ्हाइताचं मत म्हणून बाजूला ठेवलं. एका माजी ड्रायव्हरचं मत खोलीत बसलं की निर्णय आणि स्टुडिओत बसलं की करमणूक, हा भेद त्या दिवशी अधिकृतपणे लिहिला गेला.

तीन आठवड्यांनी ऑस्ट्रियात व्हर्स्टॅपनने लक्लेरला चाकाला चाक लावून बाहेर ढकललं, खोलीत टॉम क्रिस्टेन्सन होता, आणि कोणालाही शिक्षा झाली नाही. मला दोन्ही निर्णय पटतात. पण महिनाभरात दोन माणसं, दोन खोल्या आणि मापं वेगवेगळी, असं ड्रायव्हरांनी म्हटलं तर त्यांना दोष देता येणार नाही. दर शर्यतीला मंडळ बदलतं. या आठवड्याची वहिवाट पुढच्या आठवड्याच्या माणसाला बांधील नाही.

यावर उपाय म्हणून एफआयएने ड्रायव्हिंगचे लेखी निकष केले, आणि जून २०२५ मध्ये ते सर्वांसाठी प्रसिद्धही केले. आतून ओव्हरटेक करायचं तर वळणाच्या सर्वांत आतल्या बिंदूपर्यंत तुमची पुढची चाकं समोरच्या गाडीच्या आरशापाशी पोहोचलेली हवीत; बाहेरून जायचं तर याहून जास्त पुढे हवं. हेतू चांगला होता. पण मापपट्टी मिळाली की तिच्यावर खेळणारेही येतात. व्हर्स्टॅपनने ते सर्वांत आधी ओळखलं. आतल्या बाजूला राहायचं, ब्रेक इतका उशिरा दाबायचा की त्या बिंदूला आपलंच नाक पुढे दिसेल, मग दोघंही बाहेर गेले तरी कागद आपल्या बाजूने. २०२४ च्या ऑस्टिनला नॉरिसला अशाच झटापटीत पाच सेकंदांची शिक्षा बसली. आठवड्याने मेक्सिकोत मात्र व्हर्स्टॅपनलाच दहा-दहा सेकंदांच्या दोन शिक्षा झाल्या. हा गडी मुळात वळण घेऊच शकत नव्हता, हे पट्टीने मोजता येत नाही. ते ब्रेक कधी दाबला यावरून जाणावं लागतं, आणि तिथे पुन्हा जुना ड्रायव्हरच लागतो.

मेक्सिकोच्या मंडळात होता जॉनी हर्बर्ट. तीन ग्रांप्री आणि ल माँ जिंकलेला, शूमाकरचा एके काळचा सहकारी, आणि माध्यमांत सतत बोलणारा. त्या शर्यतीनंतर त्याने व्हर्स्टॅपनच्या वृत्तीवर उघड टीका केली. व्हर्स्टॅपनच्या वडिलांनी स्ट्युअर्ड कोण असावेत याचाच विचार करा असं सुनावलं. जानेवारी २०२५ मध्ये एफआयएने जाहीर केलं की समालोचक आणि स्ट्युअर्ड या दोन भूमिका एकत्र नांदू शकत नाहीत, आणि हर्बर्टची खुर्ची गेली. जूनमध्ये कॅनडाच्या शर्यतीपूर्वी वॉरविकवर पाळी आली. परवानगीविना माध्यमांशी बोलल्याबद्दल त्याला तेवढ्या शर्यतीपुरतं निलंबित केलं. त्याच्या जागी एन्रिके बर्नोल्डीला बसवलं, तेही माँट्रियलला नव्हे, जिनिव्हाच्या केंद्रात पडद्यासमोर. २००१ च्या मोनॅकोला आपली सुमार अ‍ॅरोज घेऊन कूल्टहार्डला फेऱ्यांमागून फेऱ्या अडवून ठेवणारा हाच तो बर्नोल्डी. त्या शनिवार-रविवारी व्हर्स्टॅपनच्या लायसन्सवर अकरा गुण होते, म्हणजे बंदी एका गुणावर, आणि शर्यतीनंतर त्याच्या रेड बुल टीमने रसेलविरुद्ध केलेली तक्रार फेटाळायला कित्येक तास लागले.

हर्बर्टचं चुकलंच. आपण दिलेल्या निकालावर आपणच मुलाखती देत सुटणं कुठल्याही पंचाला शोभत नाही. पण एफआयएलाही हात झटकता येणार नाहीत. नाममात्र मानधनावर माणूस बोलवायचा, त्याची कमाई जिथून होते ते तोंड बंद ठेवायला सांगायचं, आणि त्याच्यावर चिखलफेक झाली की त्याच्या बाजूने खुलासा करायलाही कोणी उभं राहत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

दुचाकींच्या मोटोजीपीने दुसरी वाट धरून पाहिली. तिथे २०१९ पासून स्ट्युअर्डांचं प्रमुखपद फ्रेडी स्पेन्सरकडे होतं. १९८५ मध्ये ५०० आणि २५० सीसी ही दोन्ही विजेतेपदं एकाच वर्षी जिंकणारा रायडर. माणूस कायम, खुर्ची कायम, पण रायडरांच्या तक्रारी काही थांबल्या नाहीत. २०२५ साठी त्याची जागा सायमन क्रॅफरने घेतली, ज्याच्या नावावर एकच ग्रांप्री विजय आहे. म्हणजे विश्वविजेता बसवला की प्रश्न सुटतो असंही नाही, आणि मंडळ कायम केलं की सुटतो असंही नाही. आपल्याकडच्या वाचकाला हे नवं वाटू नये. क्रिकेटमध्ये २००१ साली पोर्ट एलिझाबेथला सामनाधिकारी माइक डेनिस, इंग्लंडचे माजी कर्णधार, यांनी तेंडुलकरसह सहा भारतीयांना शिक्षा ठोठावल्या. त्यांनी किती कसोट्या खेळल्यात याने इथल्या संतापात तसूभरही फरक पडला नाही, आणि पुढच्या सामन्याचा अधिकृत दर्जाच गेला.

तरीही मला वाटतं, ड्रायव्हरची खुर्ची ठेवावीच. हंगेरीची भिंत आणि कॅनडाचं स्टिअरिंग वाचायला दुसरं कोणी नाही. फक्त ती पाहुण्याची खुर्ची असू नये. दोन-तीन माजी ड्रायव्हर वर्षभरासाठी नेमावेत, पगार द्यावा, करारात माध्यमबंदी असावी, आणि निकालाची कारणं मंडळाच्या वतीने कोणीतरी कॅमेऱ्यासमोर येऊन सांगावीत. आणखी एक, शर्यतीच्या धावपळीत दिलेली शिक्षा शांतपणे पुन्हा पाहण्याची सोय सहज मिळावी. २०२५ च्या झांडफोर्टला साइन्झला लॉसनशी झालेल्या टकरीबद्दल दहा सेकंद आणि दोन गुण मिळाले. विल्यम्सने नवं चित्रण आणल्यावर फेरविचार झाला आणि दोष गेला, गुण पुसले गेले. दहा सेकंद तो शर्यतीतच भोगून बसला होता, ते परत कुठून आणणार?

अडचण माणसं मिळण्याची आहे. वर्षाला चोवीस शर्यती म्हणजे अर्धं वर्ष विमानात. तुलनेने अलीकडच्या काळात चालवलेले जेन्सन बटन, निको रोझबर्ग, चंढोक हे सगळे टीव्हीच्या माइकपाशी दिसले आहेत. तिथे पैसे मिळतात, मत मोकळेपणी मांडता येतं आणि चुकलं तर कोणाचं विजेतेपद जात नाही. स्ट्युअर्डांच्या खोलीत मग उरतात ते एक पिढी आधीचे. अलीकडच्या ड्रायव्हरांना आणायला एफआयएला किती खर्च येईल, आणि तो एफआयएने भरायचा, टीमांनी की दंड भरणाऱ्या ड्रायव्हरांनी, या एका प्रश्नावर सगळी चर्चा अडते.